वधूवर नसलेला मेळावा

नाशिक रोड,
दि. १९ जानेवारी १९८६

आयुष्यमान सहादूजी दोंदे, मुक्काम मनमाड, यांस झुंबर तुळशीराम पगारे यांचा सविनय जयभीम.

आपले पोस्टकार्ड पोचले. त्याखाली आपण "कै. सहादू दोंदे" अशी सही केली आहे. आपल्या लताबाईच्या व माझ्या जयरामच्या लग्नपत्रिकेत आपल्या नावामागे "श्री."च्या ठिकाणी "कै." पडले, तो विषय आपण इतक्या वर्षांनीही सोडलेला नाही, हे त्यावरून समजले. माझे म्हणणे आजही तेच आहे. आदल्या कामाचा जुळवलेला मजकूर छापखान्यात कधीकधी तसाच उभा राहतो व त्यातील एखादे अक्षर पुढील कामात येते. ते पाहणे मुद्रितशोधकाचे काम होय. सदरहू पत्रिकेचे शिशाच्या अक्षरांचे खिळे कोणी जुळवले, हा प्रश्न येथे गैरलागू आहे.

भर मंडपात आपण मोठ्याने म्हणालात, "एक तर जित्या माणसाला मारलं, वर बौद्ध माणसाला कैलासाला धाडलं! व्हय ओ पगारे, तिथं माझी सोय कोन करनार?" मंडप हसला. मी हसलो नाही. त्यानंतर आपण माझा उंबरा ओलांडला नाही. असो.

आता मुद्द्याचे. आपण चि. विशाखासाठी आणलेले केदारे यांच्या घरचे स्थळ मला पसंत आहे. मुलगा मनमाडला रेल्वेत कारकून आहे. चि. जयराम पलटणीसह जम्मूकडे असल्यामुळे "दोन्ही आजोबांचे एकमत होईल ते मला मान्य" असे त्याने कळवले आहे. ९ फेब्रुवारीस, रविवारी, मंडळींनी मुलगी पाहण्यास यावे. आपण यावे किंवा कसे, ते आपण ठरवावे.

परंतु एक गोष्ट मला विचारणे भाग आहे. विशाखा काल म्हणाली, "आजोबा, पुढच्या शनिवारी कॉलेजात मेळावा आहे. मी जाणार आहे. बायोडाटा लागतो म्हणे. तुमचं अक्षर छान आहे, लिहून द्याल?"

मी छापखान्यात असताना मेळाव्यांची पुष्कळ पत्रके जुळवली आहेत. मेळावा म्हणजे वधूवर परिचय मेळावा, व तेथे बायोडाटा व छायाचित्र लागते, हे मला कोणी शिकवावयास नको. महाविद्यालये आता हेही काम करू लागली आहेत, याचे आश्चर्य वाटले. आपले स्थळ आलेले असताना मुलीने परस्पर मेळाव्यात नाव घालावे, याचे त्याहून अधिक. लताबाईस विचारले. ती म्हणाली, "मामंजी, मला त्यातलं काय कळतंय! तिची ती बघंल." केदारे नाही म्हणाले तर हाताशी दुसरे स्थळ असावे, अशी आपलीच तर ही योजना नव्हे? तसे असल्यास कळवावे. मी रागावणार नाही. मला जाणून घ्यावयाचे आहे, इतकेच.

तूर्त मी बायोडाटा लिहिण्यास घेतला आहे. काम हातात घेतले की ते नीट करावे, असा माझा शिरस्ता आहे.

आपला,
झुंबर तुळशीराम पगारे


नाशिक रोड,
दि. २६ जानेवारी १९८६

आयुष्यमान सहादूजी यांस सविनय जयभीम.

आपले उत्तर आले नाही. तरीही लिहितो, कारण काल जे पाहिले ते मनात ठेवणे मला जमेना, व व्याह्याखेरीज ते कोणास सांगावे असा मनुष्य येथे नाही.

मेळाव्याला मी स्वतः गेलो. विशाखाने मला बोलावले नव्हते. बायोडाटा व छायाचित्र मात्र माझ्याजवळच होते. "मुलीने असले कागद स्वतः मिरवू नयेत, मी पोचते करीन," असे मी तिला सांगितले होते. ती रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांच्या गडबडीत होती. "बरं, आजोबा," म्हणून निघून गेली. कोणत्या घरची मंडळी येतात व मुले कशी आहेत, हे मला अगोदर पाहावयाचे होते.

महाविद्यालयाच्या फाटकाशी काही विद्यार्थी टपरीवर चहा घेत होते. मी विचारले, "आपण आत का जात नाही?"

एक म्हणाला, "आत चहा नाय, बाबा."

दुसरा म्हणाला, "आत जाऊन काय करायचं? आपलं काम चिठ्ठीवर होतं. मामाची चिठ्ठी, आमदाराची चिठ्ठी. मेळाव्यात कुणाचं जमलंय का कधी?"

मला ते पटले. लग्ने मामाच्याच ओळखीने जमतात. तरीही मी आत गेलो.

मोठ्या दालनात टेबले मांडली होती व प्रत्येकापाशी एकेक गृहस्थ बसले होते. पहिल्या गृहस्थांशी झालेले बोलणे जसेच्या तसे देतो. मजकुरात फेरफार करण्याची मला सवय नाही.

मी म्हणालो, "नमस्कार. आपला मुलगा कोठे आहे?"

ते म्हणाले, "माझा? शाळेत. चौथीला आहे. का हो?"

"मग आपण कोणासाठी आला आहात?"

"मी? बँकेकडून."

बँकेतील मुलगा असेल, असे मी समजलो. "वय काय?" असे विचारले.

"अठरा ते पंचवीस."

ही कोणती पद्धत! "एक काय ते नक्की सांगावे," मी म्हणालो.

"आजोबा, ती मर्यादा आहे. मधलं कुठलंही चालेल."

"शिक्षण?"

"पदवी. शेवटच्या वर्षाला असेल तरी अर्ज घेतो."

"उंची? वर्ण?"

गृहस्थांनी चष्मा काढला. "उंची पोलीस खात्यात बघतात. ते तिकडे, खिडकीपाशी. वर्ण मात्र कुणीच बघत नाही."

व्याहीबुवा, वर्ण न पाहणारी मंडळी भेटली, याचे मला क्षणभर समाधानच वाटले. मग मी भिंतीवरची कापडी पट्टी वाचली. खिळे जुळवणारा जुळारी मजकूर उलटा वाचतो, आरशात पडावा तसाही वाचतो. तरी तो अगोदर मनाने वाचतो आणि डोळ्यांनी मागून. पट्टीवर "व्यवसाय मार्गदर्शन मेळावा" असे होते. वधू नव्हती, वर नव्हता.

तेथून निघून यावयास हवे होते. आलो नाही. प्रत्येक टेबल कशाचे, हे पाहिल्याखेरीज पाय निघेना. सातपूरच्या एका कारखान्याला कापडाचा रंग किती पाण्यात टिकतो, ते पाहणारा माणूस हवा होता. एका गृहस्थांना द्राक्षाच्या पानावरील डाग पाहून रोगाचे नाव सांगणारे हवे होते. एक जण विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून नकाशे करीत. मी विचारले, "याला काम म्हणतात काय?" ते म्हणाले, "पगार देतात, म्हणजे कामच असेल!"

मी सर्वांस विचारीत सुटलो. हे काम कोठे चालते, कोण शिकवतो, दिवसभर मनुष्य बसतो की उभा राहतो, हातास काय लागते. लोक सांगत होते. मजजवळ चौथीचे प्रमाणपत्र आहे, हे कोणी विचारले नाही.

एका टेबलापाशी एक अधिकारी बाई बसल्या होत्या. पुढे बाटल्या मांडल्या होत्या व त्या सर्वांत पाणी होते.

"हे काय विकता?" मी विचारले.

"काही नाही, आजोबा. गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासतो. प्रयोगशाळा इथे, पण हिंडायचं सुरगाण्याकडे, पेठ तालुक्याकडे. जीप असते. रसायनशास्त्राची मुलं हवीत. कुणी येईना. मुलांना वाटतं, पाणी त्यात काय बघायचं!"

त्यांनी माझ्या हातातील पाकीट पाहिले. "नातीचा बायोडाटा? द्या की."

मी "हा त्या कामाचा नाही" म्हणेपर्यंत त्यांनी तो उघडला व मोठ्याने वाचला. "वर्ण गव्हाळ. उंची बेताची. स्वभाव मनमिळाऊ. गृहकृत्यदक्ष. मातुल आजोबा श्री. सहादू दोंदे, निवृत्त रेल्वे कर्मचारी, हयात." "हयात" या शब्दावर त्या थांबल्या व हसल्या. तो शब्द मी जाड लिहिला होता, हे आपल्या माहितीसाठी नमूद करतो.

पुढे वाचताना त्यांचे हसू थांबले. गृहकृत्यदक्षतेचे उदाहरण म्हणून मी असे लिहिले होते: "गेल्या पावसाळ्यात वस्तीत जुलाबाची साथ आली असता, कन्येने नळाच्या पाण्याची बाटली महाविद्यालयात नेऊन दोष शोधला व आठवडाभर वस्तीस पाणी उकळण्यास लावले."

"हे तिने स्वतः केलं?"

"शेजारच्या आक्काबाई भांडावयास आल्या होत्या. म्हणाल्या, 'आता पान्याला बी तुझी परवानगी लागती का गं?' तरीही केले."

"कुठाय ती? बोलवा."

विशाखा दालनातच होती. मला पाहून ती गोरीमोरी झाली व बाईंच्या हातातील कागद पाहून तिने चेहरा ओढणीत घेतला. "आजोबा! लग्नाचा बायोडाटा?" बाई म्हणाल्या, "असू दे गं, चारित्र्याचा दाखला वेगळा मागायला नको." मग त्या दोघी बाटल्यांवर वाकल्या. बोलणे पुष्कळ वेळ चालले. मला कोणी बसावयास सांगितले नाही. मी उभा राहून ऐकत होतो. मला काही कळले नाही, तरीही तेथून हलावेसे वाटले नाही.

२४ फेब्रुवारीस मुलाखत आहे. निवड झाल्यास परीक्षेनंतर काम सुरू.

परत येताना विशाखा म्हणाली, "आजोबा, मला लग्न नको असं नाही. पण असलं काम जगात आहे, हेच मला आज कळलं. कळल्यावर विचारूनसुद्धा बघायचं नाही का?"

छापखान्यात खिळ्यांच्या ज्या खणात हात कधी गेला नाही, त्या खणातील अक्षर जुळाऱ्याला सुचत नाही. ज्या कामाचे नाव कानी पडले नाही, त्याची इच्छा मनुष्याने कशी धरावी? टपरीवरील मुले मी निघालो तेव्हाही तेथेच होती. मी त्यांना म्हणालो, "आत जा. चहा नाही, पण नावे आहेत." त्यांना ते कळले नसावे. मात्र दोघे उठले.

केदारे मंडळी ठरल्याप्रमाणे येऊ द्यावी. मुलाखतीचे मी त्यांना नीट सांगेन.

आपला,
झुंबर तुळशीराम पगारे


नाशिक रोड,
दि. १२ फेब्रुवारी १९८६

आयुष्यमान सहादूजी यांस सविनय जयभीम.

रविवारचा कार्यक्रम झाला. आपण मंडळींना घेऊन नाशिक रोड स्टेशनापर्यंत आलात आणि फलाटावरील बाकावर बसून राहिलात, हे मुलाच्या मातोश्री गोजराबाई केदारे यांच्या बोलण्यातून कळले. विशाखा डबा घेऊन आपल्याकडे आली होती, तो तिच्या आईने पाठवला होता. मी नाही. पोहे मात्र मी पाहून भरावयास लावले होते.

तेथे आपण दोघे काय बोललात, ते तिने सांगितले नाही. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. विचारले तर म्हणाली, "मनमाडचे आजोबा म्हणतात, दिलेला शब्द आहे."

बैठकीची हकीकत देतो. विशाखाने पाणी आणले. गोजराबाई म्हणाल्या, "गोड हाय बाई तुमचं पानी. आमच्या मनमाडला पानी आलं की सन असतो. आन् हंड्याला बुडाशी पांढरं बसतं, लय घासावं लागतं." यावर मुलीने मान खाली घालावयास हवी होती. तिने मान वर केली व विचारले, "विहिरीचं की टाकीचं? किती खोल आहे? घरात कुणाला खड्याचा त्रास आहे का?" गोजराबाईंचे थोरले दीर पोटावर हात ठेवून म्हणाले, "आता हिला कसं कळलं?" सर्व हसले. मुलगाही हसला. मुलगा वाईट नाही.

परंतु मी मुलाखतीचे सांगताच तेच दीर म्हणाले, "जीपमधी बसून डोंगरात हिंडनार? कुनासंगं? नाय ओ पगारे बाबा. आमच्या घरात सुनंनं पानी भरायचं, तपासायचं नाय. सहादू दोंद्यांनी शब्द दिलाय. मे महिन्यात लगीन, नोकरीचं नाव नाय. तो शब्द हाय म्हनून आलो."

ही अट आपण मला कळवली नव्हती. आपले पोस्टकार्ड आज आले. त्यात दोनच ओळी आहेत. "मेलेल्या माणसाचा शब्द मोडत नसतो. कै. सहादू."

व्याहीबुवा, वाक्य उत्तम आहे. मी ते दोनदा वाचले. आता माझे वाचावे.

त्या अधिकारी बाईंना मी निघताना एक प्रश्न विचारला होता. तपासणारीने पाणी वाईट आहे असे लिहिले, तर पुढे काय होते? त्या म्हणाल्या, "विहीर बंद. पाटलाची असो, देवळाची असो. तिची सही होईपर्यंत गावानं ते पाणी प्यायचं नाही."

आपले वडील व माझे वडील विहिरीवर कोठे उभे राहत, हे मी आपणांस सांगावे असे नाही. लांब उभे राहत. कोणी वरून ओतले तर ओंजळीत घेत. त्या घरची मुलगी आता विहिरीच्या काठावर जाऊन बाटली भरील, आणि गाव तिच्या सहीसाठी थांबेल. केदारे यांच्या अटीने हे थांबणार आहे. ते वाईट लोक नाहीत, परंतु थांबणार आहे. जयरामला आपले एकमत हवे आहे. मी एकटा नाही म्हणालो, तर ते एकमत होत नाही, आणि मुलगी आपल्या शब्दाखाली दबून "हो" म्हणेल. तिचा स्वभाव आपल्यावर गेला आहे.

शब्द आपण दिला आहे, म्हणून तो आपणच परत घेऊ शकता. लोक बोलतील. केदारे आपल्या आळीतलेच आहेत, रोज तोंड दाखवावयाचे आहे, हे मी जाणतो. मेलेल्याचा शब्द मोडत नाही हे खरे. म्हणून विनंती करतो, की शब्द मोडण्यासाठी का होईना, आपण जिवंत व्हावे.

मुलाखत सोमवारी, २४ तारखेस आहे. मनात ओझे घेऊन तिने तेथे बसू नये. उत्तर त्यापूर्वी यावे.

आपला,
झुंबर तुळशीराम पगारे


नाशिक रोड,
दि. २५ फेब्रुवारी १९८६

आयुष्यमान सहादूजी यांस सविनय जयभीम.

शनिवारी आपले कार्ड आले. लताबाईने ते दारातच मोठ्याने वाचले. "केदाऱ्याच्या घरी जाऊन शब्द माघारी घेतला. थोरला लय बोलला. म्हनला, दोंदे, तुमची जीभ हाय का चाक? मी म्हनलो, रेल्वेत होतो, चाकच असनार. गोजराबाईनं चहा पाजला. पोरीला सांगा, जा. आन् पगाऱ्यांना सांगा, मला जितं केलं त्याचा खर्च त्यांच्याकडं."

खाली सही फक्त "सहादू" अशी आहे. मागे काहीच नाही. ही प्रगती आहे, असे मी मानतो.

मुलाखतीस मी तिच्याबरोबर गेलो व बाहेर बसलो. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "पहिलाच प्रश्न काय विचारला माहितेय? हयात आजोबा कसे आहेत?"

आपला,
झुंबर तुळशीराम पगारे


नाशिक रोड,
दि. ९ नोव्हेंबर १९८६

आयुष्यमान सहादूजी यांस सविनय जयभीम.

रेल्वेच्या गार्डाबरोबर आपण पाठवलेली पाण्याची बाटली पोचली होती. केदारे यांच्या विहिरीचे पाणी त्यांनी स्वतः न पाठवता आपल्या नावाने पाठवावे, यातील अर्थ मी समजलो. त्यांचा राग गेला नाही आणि थोरल्यांच्या पोटातील खडाही गेला नाही. मुलाचे लग्न येवल्याकडे ठरले, असेही कळले. उत्तम झाले.

विशाखा परवा सुरगाण्याहून आली. एका पाड्यावर भागीबाई नावाच्या म्हातारीने तिला आपल्या झिऱ्यावर, म्हणजे पाणी झिरपणाऱ्या खड्ड्यावर, नेले व म्हणाली, "पोरी, तुझे आधी कोणी याला विचारलाच नाही, तू गोड का खारा." तेथे जीप जात नाही, म्हणून ही चालत गेली. हे सांगताना पायाचे फोड दाखवीत होती आणि हसत होती. महाविद्यालयाने पुढच्या मेळाव्याला तिला टेबलावर बसावयास बोलावले आहे. मीही जाणार आहे. कशाकशाची टेबले येतात, ते पाहावयाचे आहे. टपरीवरून कोणी हलत नसेल तर तेही काम मला करता येईल.

सोबत आपल्या पाण्याचा अहवाल जोडला आहे. क्षार अधिक आहेत. उकळून काही उपयोग नाही. थोरल्यांनी ते पिऊ नये, नळाचे प्यावे. खाली "विशाखा जयराम पगारे" अशी सही आहे. केदारे यांस दाखवावी.

फलाटापर्यंत आपण एकदा आलाच आहात. तेथून घर लांब नाही. लताबाई म्हणते, यावेळी डबा पोचवणार नाही.

अहवालात "नमुना पाठवणारे" या शब्दांपुढे आपले नाव छापले आहे. ते मी सुलटे वाचले. नंतर कागद फिरवून उलटे वाचले, उजेडासमोर धरून मागील बाजूनेही वाचले. कोठूनही पाहिले तरी ते "श्री."च आहे.

आपला,
झुंबर तुळशीराम पगारे